मार्कांची वही कशी वाचावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असा निरोप घेऊन आपल्या कार्यवाह घरी आल्या, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. उभा जन्म मी मुलांपुढे बोलण्यात घालवला. मोठ्यांपुढे बोलायचे म्हणजे माझी जीभ अडखळते. कारण मोठ्या माणसांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' असे सांगता येत नाही. पण त्या म्हणाल्या, "बाई, मुलांच्या मार्कांबद्दलच काहीतरी सांगा. सध्या घरोघरी तोच विषय आहे." मग मला नाही म्हणवेना. या विषयात मला सांगण्यासारखे थोडे आणि कबूल करण्यासारखे पुष्कळ आहे.

थोड्या वेळापूर्वी आपण पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलांना बक्षिसे दिली. टाळ्या मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. मुलांनी मेहनत केली आहे. पण इथून मला मागचेही दिसत होते. सतरंजीच्या कडेला बसलेली काही मुले खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपशीत होती. त्या मुलांची नावे मला ठाऊक नाहीत; पण तशी मुले मी चौतीस वर्षे पाहिली आहेत. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी माझी कबुली देते. शाळेत माझी मार्कांची वही फार टापटिपीची म्हणून प्रसिद्ध होती. पास निळ्या शाईने, नापास तांबड्या शाईने, खाली बेरीज, टक्के, वर्गाची सरासरी. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक तीच वही पुढे करीत, आणि साहेब तिच्यावर 'उत्तम' असा शेरा मारून जात. त्या वहीचा मला अभिमान होता. वर्गात मुले मी मार्कांप्रमाणे बसवीत असे. हुशार पुढे, कच्ची मागे. माझा हेतू वाईट नव्हता. पुढच्या मुलांचा अभ्यास अडू नये, एवढाच तो होता.

निवृत्त झाल्यावर आम्ही घर बदलले. माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्यात चौथीच्या एका वर्गाचे सहामाहीचे गणिताचे पेपर सुतळीने बांधलेले सापडले. रद्दीत घालण्यापूर्वी सहज चाळावे म्हणून मी सुतळी सोडली. वरचाच पेपर एका मुलीचा होता. ती मागच्या बाकावर बसे. वजाबाकीच्या दहा उदाहरणांत तिला चार मार्क होते, आणि खाली माझ्याच वळणदार अक्षरात शेरा होता: 'लक्ष नाही. सराव करावा.'

चष्मा लावून मी ती उदाहरणे पाहू लागले. ५२ वजा २७, तिने लिहिले ३५. ८१ वजा ४६, तिने लिहिले ४५. ६३ वजा ३८, तिने लिहिले ३५. चारशेतून एकशे छप्पन्न, तिने लिहिले ३५६. बायांनो, तुम्हीही मनात करून पाहा. दोनांतून सात जात नाहीत, म्हणून तिने सातांतून दोन घालवले. एकातून सहा जात नाहीत, म्हणून सहांतून एक घालवला. हातचा नसलेली चारही उदाहरणे तिची बरोबर होती. हातच्याची सहाही चुकली होती, आणि सहाही एकाच रीतीने चुकली होती.

म्हणजे त्या मुलीचे लक्ष नव्हते, हे खोटे. तिने मनाशी एक नियम धरला होता, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. आणि तो नियम ती अगदी शिस्तीने पाळीत होती. बेफिकीर मूल दर वेळी वेगळे चुकते. एकच चूक सहा वेळा करणारे मूल विचार करीत असते, फक्त त्याची वाट चुकलेली असते. अशा मुलीला 'सराव करावा' असे सांगणे म्हणजे चुकलेल्या वाटेवर आणखी भराभर चाल, असे सांगणेच झाले.

मग मी सगळा गठ्ठा पाहिला. छत्तीस पेपर होते. त्यांतल्या चौदा मुलांनी तीच चूक केली होती. एका मुलाने केली तर ती त्या मुलाची चूक म्हणता येईल. पण चौदा मुले जेव्हा एकच चूक करतात, तेव्हा ती बाईंची असते. मला आठवले, त्या वर्षी हातच्याची वजाबाकी मी घाईने फळ्यावर उरकली होती. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या कशा करायच्या, हे मुलांच्या हातून करवून घेतले नव्हते. हे सारे त्या गठ्ठ्यात स्वच्छ लिहिलेले होते. मी मार्कांची बेरीज केली, वहीत उतरवली, आणि सुतळीने गाठ मारली. ती मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही.

भगिनींनो, या गोष्टीवरून मी जे शिकले तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. मार्क म्हणजे मुलाची किंमत नव्हे, ती एक खूण आहे. शोध इथे घ्यावा, एवढेच ती खूण सांगते. शोध घेण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आपल्यातल्या कित्येकजणींनी मूल कडेवर घेऊन अंगणवाडीत त्याचे वजन करविले आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ही रीत देशभर पसरली. अंगणवाडीताई काय करते? दर महिन्याला वजन घेते आणि तक्त्यावर ठिपका देते. एका ठिपक्यावरून ती फारसे बोलत नाही. दोन-तीन ठिपके जोडून रेघ वर चालली आहे की खाली, हे ती पाहते. रेघ खाली वळली, की ती विचारते, "ताप आला होता का? जुलाब झाले? खाते का नीट?" शेजारणीचे बाळ तीन किलोने भारी आहे, हे सांगून ती कोणत्याही आईला लाजवीत नाही. आणि नुसते वजन केल्याने बाळ वाढत नाही, हे तर तिला आपल्याहून चांगले ठाऊक असते. मुलांच्या परीक्षांकडेही आपण असेच पाहिले, तर अर्धे काम झाले.

आता शाळा सरासरी सांगतात, वर्गाचा निकाल इतका टक्के लागला म्हणतात, त्याचाही विचार करू. समजा चार मुलांना प्रत्येकी पन्नास मार्क मिळाले. दुसऱ्या चौघांना ९०, ८०, २० आणि १० मिळाले. दोन्हीकडे सरासरी पन्नासच येते. पण पहिल्या चौघांना एकत्र शिकवता येईल. दुसऱ्या चौघांत दोघांना पुढचे काम हवे आहे आणि दोघांना अगदी पायापासून हात द्यायला हवा आहे. सरासरीच्या पोटात ती दोन मुले दडून जातात. म्हणून जिथे म्हणून सरासरी ऐकाल, तिथे विचारा, की खाली कोण आहे आणि त्याला काय येत नाही?

सरकारलाही ही गोष्ट कळली नव्हती असे नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलाचे मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी व्हावे असे सांगितले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आले. त्याचे दोन भाग. एक आकारिक, म्हणजे मूल शिकत असताना, घडत असताना पाहणे: रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. दुसरा संकलित, म्हणजे सत्र संपल्यावर एकूण किती पदरात पडले ते मोजणे. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. आकारिक मूल्यमापनाचा सगळा अर्थ एवढाच की आज पाहिले त्याप्रमाणे उद्याचे शिकवणे बदलावे.

पण पुष्कळ ठिकाणी झाले असे, की नोंदी वाढल्या आणि शिकवणे होते तसेच राहिले. प्रगतिपुस्तकात 'प्रगती समाधानकारक', 'अभ्यासात रस घेतो' अशी ठरावीक वाक्ये चाळीस मुलांच्या नावापुढे उतरवली जाऊ लागली. मी शिक्षकांना दोष देत नाही. एका बाईंकडे दोन-दोन वर्ग, वरून निवडणुकीची कामे, जनगणनेची कामे, आणि शाळेची माहिती फोनवर भरून पाठवण्याची घाई. माहिती गावातून तालुक्याला जाते, तालुक्यातून जिल्ह्याला जाते, तिथून पुढे जाते. परंतु ज्या मुलाकडून ती घेतली त्याच्यापर्यंत परत येत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या नोंदीचा मुलाला पुढच्या आठवड्यात काही उपयोग होणार नाही, त्या नोंदीपेक्षा त्या वेळात मुलाचे एक पान वाचन ऐकावे.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही काही शिक्षिका नाही. चुका कशा वाचायच्या?" ते फारसे अवघड नाही. एक घरगुती उदाहरण देते. पहिली-दुसरीतले मूल 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिते. आई म्हणते, "एवढेही येत नाही?" पण आपल्या मराठीत संख्येचे नाव उलटे चालते. आपण आधी सात म्हणतो, मग वीस. आणि लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा, मग सात. मुलाने जसे ऐकले तसे लिहिले. त्याहून मौज पुढे आहे. 'एकोणपन्नास' म्हटले की मुलाच्या कानावर पन्नास पडते, आणि ते ४९ च्या ठिकाणी ५९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात, सत्तावीस' अशी जोडीची रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला हे तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची हीच अडचण समजावून सांगितली होती. रीत कोणती बरी, यावर मतभेद असू शकतील. पण ७२ लिहिणारे मूल मठ्ठ नाही, त्याच्या चुकीला कारण आहे, हे एकदा आपल्याला कळले की आपला आवाज आपोआप खाली येतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की किती चुकले ते मोजण्याआधी काय चुकले ते पाहा. मूल पेपर घेऊन घरी आले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती मिळाले?" आणि दुसरा विचारतो, "अमकीच्या मुलाला किती मिळाले?" त्याऐवजी, "दाखव बघू, यातले तुला कोणते अवघड गेले?" असे विचारून पाहा. पहिल्या दिवशी मूल घाबरेल, कारण त्याला सवय नाही. चौथ्या वेळी ते आपण होऊन दाखवील.

दुसरी गोष्ट. कागदावरून जे वाटले ते मुलाशी बोलून पडताळून पाहा. कागद अर्धेच सांगतो. गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणे सगळी चुकली, तर गणित कच्चे आहे असे समजू नका. कदाचित मुलाला उदाहरण वाचताच आले नसेल. ज्याच्या घरी मराठीखेरीज दुसरी बोली आहे, त्याचे तर असे हमखास होते. त्याला ते उदाहरण तोंडी सांगून पाहा. फळ्यावरून उतरवलेलेच चुकत असेल, तर डोळे तपासून घ्या. माझ्या वर्गातली निदान तीन मुले चष्मा लागल्यावर 'हुशार' झाली. आणि एका चाचणीवरून निकाल देऊ नका. त्या दिवशी मुलाला ताप असेल, घरात भांडण झाले असेल. दोन-तीन ठिपके जुळू द्या.

इथे मला त्या मुलीची पुढची गोष्ट सांगायला हवी. तो गठ्ठा सापडल्यावर काही महिन्यांनी मी मंडईत भाजी घेत होते. एका गाळ्यावर "बाई, ओळखलंत का?" असा आवाज आला. तीच ती. आता दोन मुलांची आई. मी मेथी, टोमॅटो आणि आले घेतले, त्रेसष्ट रुपये झाले. मी शंभराची नोट दिली. तिने क्षणात सदतीस रुपये परत दिले. आणि बोलता बोलता म्हणाली, "माझी धाकटी तुमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत येते, बाई. पण तिला गणित येत नाही. आमच्या रक्तातच नाही ते. मला तरी कुठे आलं?"

मी विचारले, "आत्ता सदतीस कसे काढलेस?" ती म्हणाली, "त्यात काय? त्रेसष्टाला सात दिले की सत्तर, आणि वर तीस की शंभर." मी म्हटले, "अग, हीच तर हातच्याची वजाबाकी." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

भगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. तिला काय येते, हे मी कधी विचारलेच नव्हते. काय येत नाही, याचीच वही मी ठेवीत होते.

हे माझ्या एकटीच्या वर्गातले नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून तो २०२५ साली प्रसिद्ध केला. ही मुले विक्रीचा हिशेब तोंडी भराभर करतात. पण तेच गणित पुस्तकी पद्धतीने कागदावर मांडले की अडतात. उलट शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्ही मुलांना काहीतरी येते आहे, आणि त्या दोन विद्यांमध्ये पूल कोणी बांधलेला नाही. हा पूल बांधणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

तिसरी गोष्ट शेऱ्यांची. इस्रायलमधील रूथ बटलर या बाईंनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या कामावर काहींना नुसते मार्क दिले, काहींना काय चांगले झाले आणि काय सुधारावे हे सांगणारा शेरा दिला, आणि काहींना मार्क आणि शेरा दोन्ही दिले. सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, कारण मार्क दिसले की मूल पुढे वाचीत नाही. आपणही वाचीत नाही! म्हणून अभ्यासिकेत वही तपासताना सहा-आठ असे आकडे टाकण्यापेक्षा 'दहांचा गठ्ठा सोडायला विसरलीस, हे तिसरे उदाहरण काड्या घेऊन पुन्हा कर' असे लिहावे. एक ओळ पुरे. पण मुलाला ती वाचून लगेच काही करता आले पाहिजे.

चौथी गोष्ट सावधगिरीची. आकड्याला फार मान दिला की माणसे आकड्याच्याच मागे लागतात. १८६२ साली इंग्लंडमध्ये असा नियम झाला, की शाळेला अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेच्या निकालावर मिळेल. परिणाम काय झाला? शिक्षक वाचनाचे पुस्तक मुलांकडून घोकून घेऊ लागले. मुले घडाघडा 'वाचीत', पण नवे पान पुढे ठेवले की थांबत. परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी त्या काळी शाळा-तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. तरी ती मोडायला १८९० च्या पुढचा काळ यावा लागला. आपल्या मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकात निकालावर अनुदान देण्याची रीत होती. तेव्हा मुलांचे मार्क शाळेला, शिक्षकाला किंवा आईला शाबासकी देण्याचे माप झाले, की ते मुलाबद्दल खरे सांगण्याचे थांबते. म्हणूनच मुलांचे मार्क मोठ्याने वाचू नयेत, भिंतीवर लावू नयेत, आणि फोनवरच्या गटात तर मुळीच टाकू नयेत. ती मुलाची खाजगी गोष्ट आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी.

आता आपल्याला काय करता येईल, याकडे वळते. यात आपल्यासारख्या बायकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मुंबई आणि बडोदे इथे 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालवला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, साधारण शालान्त शिकलेली तरुण बाई. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली होती त्यांतली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन बसे, आणि ज्या पायरीवर मूल आहे तिथून शिकवी. २००१ ते २००३ या काळात या कामाची काटेकोर पाहणी झाली आणि २००७ साली ती प्रसिद्ध झाली. मुलांची प्रगती चांगली झाली, आणि ती मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तो फायदा बराचसा ओसरला, हेही खरे. म्हणजे हे काम एकदा करून सोडण्याचे नाही. त्या पाहणीत बॅनर्जी आणि डुफ्लो होते. २०१९ साली त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण वर्गात मुलांजवळ बसलेल्या होत्या त्या तुमच्याआमच्यासारख्या बायका.

मूल कोणत्या पायरीवर आहे हे ओळखायला मोठी परीक्षा लागत नाही. २००५ पासून 'असर' ही पाहणी खेड्यापाड्यांतून घरोघरी जाऊन होते. तिची रीत अगदी सोपी आहे. मुलापुढे एक कागद धरायचा. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल जिथवर सहज वाचील ती त्याची पायरी. गणितात अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले १६.३ टक्के होती. २०२४ साली ती २३.४ टक्के झाली. वाढ झाली याचा आनंद मानावा. पण चारांतली तीन मुले अजून बाहेरच आहेत, हेही विसरू नये.

आपल्या मंडळाची अभ्यासिका आठवड्यातून पाच संध्याकाळी मागच्या खोलीत भरते. तिथे आज आपण सगळ्या मुलांना एकत्र बसवून शाळेचा गृहपाठ पुरा करवून घेतो. माझी अशी सूचना आहे:

येत्या महिन्यात प्रत्येक मुलाला एकेकटे दहा मिनिटे जवळ घ्यावे. वाचून घ्यावे, चार वजाबाक्या करवून घ्याव्यात, आणि विचारावे, "हे तू कसे केलेस, मला सांग." मध्येच दुरुस्त करू नये, नुसते ऐकावे. वहीच्या एका पानावर एका मुलाबद्दल दोनच ओळी लिहाव्यात: याला काय येते, आणि याची पुढची पायरी कोणती. आधी 'काय येते' लिहावे, ही माझी विशेष विनंती. मग इयत्तेप्रमाणे न बसवता गरजेप्रमाणे लहान गट करावेत. पण गटांना नाव देऊ नये, आणि गट कायमचे करू नयेत. दर सहा आठवड्यांनी पुन्हा ऐकावे आणि मुले हलवावीत. मागच्या बाकावर बसवून मी जे केले ते आपल्या हातून होऊ नये. ज्या गटातली मुले पुढे सरकली नाहीत, तिथे मुलांना बोल न लावता आपली रीत बदलावी. आणि ती वही आपल्या कपाटात कुलपात ठेवावी.

यासाठी मला आठ भगिनी हव्या आहेत, आठवड्यातून दोन तास देणाऱ्या. शिक्षण किती झाले हे मी विचारणार नाही. जिला मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकता येते, ती या कामाला योग्य. सुरुवातीला मी बरोबर बसेन. मंडईतल्या त्या माझ्या विद्यार्थिनीलाही मी येण्याचा आग्रह केला आहे. गाळा बंद झाल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी येईन, असे ती म्हणाली आहे. सुट्या पैशांचा हिशेब मुलांना तिच्याइतका चांगला कोण शिकवणार?

आणि शाळेत पालकसभेला जाल तेव्हा बाईंशी भांडायला जाऊ नका, मार्क वाढवून मागायलाही जाऊ नका. पेपर बरोबर घेऊन जा आणि विचारा, "याची ही चूक वारंवार होते. वर्गात आणखी कोणाची होते का? आम्ही घरी काय करू?" चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न विचारणारी आई मिळाली तर त्याला आनंदच होईल. मला कोणी असे विचारले असते, तर ती सुतळी त्याच वर्षी सुटली असती.

बक्षिसे बंद करा असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्धापनदिनी, सतरंजीच्या कडेला बसणाऱ्या एखाद्या मुलाला 'गेल्या वर्षी वाचता येत नव्हते, आता येते' असे म्हणून आपण पुढे बोलावू शकलो, तर मंडळाचे वर्ष सत्कारणी लागले असे मी समजेन.

म्हातारपणी माणूस बोलू लागले की थांबत नाही, आणि चहाही थंड होत असेल. अभ्यासिकेसाठी नावे द्यायची त्यांनी ती आजच कार्यवाहांकडे द्यावीत.